बारा सेंटिमीटरचं कोकण

मुंबईहून कोकणात निघालेल्या प्रत्येकाला वडखळला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. सरळ की उजवीकडे? सरळ गेलात तर मुंबई–गोवा महामार्ग. नागोठणं, कोलाड, माणगाव, महाड आणि मग गोव्यापर्यंत नुसतं पळत राहायचं. उजवीकडे वळलात तर अलिबाग, आणि अलिबागनंतर समुद्र जिथपर्यंत नेईल तिथपर्यंत. बहुतेक मंडळी घाईत असतात, सरळ जातात. वाटेत समुद्र दिसलाच नाही म्हणून नंतर कुरकुरतात. अहो, दिसणार कसा? हा महामार्ग समुद्राला बराच डावलून, आतल्या डोंगरांमधून जातो. समुद्र हवा असेल तर वडखळला उजवीकडे वळायचं, हा पहिला फंडा.

हे मी एवढ्या अधिकारवाणीने सांगतोय, कारण वडखळ हे माझं गाव. नोकरी मुंबईत, भाड्याचा फ्लॅट ठाण्यात, पण आईवडील वडखळलाच. आणि माझ्याकडे तीन वर्षांपासून एक गाडी आहे, जी वडखळला कुणाच्याच अंगणात शोभत नाही. सेकंडहँड, दोन सीटची, निळी. बटण दाबलं की टप मागे जाऊन घडी होतो. पहिल्यांदा ती घरी नेली तेव्हा अप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, वाकले आणि म्हणाले, "यवरी खाली गारी? यात मानसा बसतान का झोपतान?" आमच्या आगरी घरात ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. टोमणा मात्र शुद्ध असतो.

अप्पा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. पनवेल–अलिबाग आणि अलिबाग–मुरूड या लाइनी त्यांनी इतक्या वेळा केल्यात की त्यांना रस्ता विचारला तर ते गावांची नावं सांगत नाहीत, गिअर सांगतात. "कार्लेखिंडीत सेकंड, उतरताना थर्ड." रिटायर झाले तेव्हा सोबत डावा गुडघा घेऊन आले. जुन्या बसचा क्लच म्हणजे व्यायामशाळाच, रोजचे शेकडो दट्टे. त्या गुडघ्यामुळे माझ्या गाडीत ते तीन वर्षांत एकदाही बसलेले नव्हते. एवढं खाली बसायचं कसं आणि बसलो तर उठायचं कसं, हा प्रश्न त्यांनी हसण्यावारी नेला होता. मीही नेला होता.

मार्चमध्ये आमच्याकडे नवीन मेंबर येणार हे कळलं आणि दोन सीटच्या गाडीचं भवितव्य एका संध्याकाळी ठरलं. विकायची. वर्ष संपायच्या आत. मग मी नेहमीची टेप लावली की विकण्याआधी एक शेवटची झक्कास ट्रिप झालीच पाहिजे, मुंबई ते श्रीवर्धन, टप उघडा, समुद्राच्या कडेकडेने. बायको म्हणाली, "माझं पोट आणि तुझ्या गाडीचं पोट, दोघांनाही खड्डे चालणार नाहीत. तू अप्पांना ने."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आणि एकदा आल्यावर ते जाईना.

*

आता प्लॅनिंग. स्पोर्ट्स कारची ट्रिप म्हटली की आपण आधी काय बघतो? शून्य ते शंभर किती सेकंदांत, हॉर्सपॉवर किती, एक्झॉस्टचा आवाज कसा. कोकणच्या किनाऱ्यावर यातलं काहीही लागत नाही, बॉस. तिथे एकच आकडा चालतो, ग्राउंड क्लिअरन्स. गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर. बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांचं हे अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या मधे कुठेतरी असतं. माझ्या गाडीचं मी स्वतः फूटपट्टी लावून मोजलंय, बारा. म्हणजे चहाच्या टपरीवरचा ग्लास उभा ठेवला तर वर जेमतेम बोटभर जागा उरावी, एवढंच.

यावर ऑफिसातल्या एका इंजिनीअर दोस्ताबरोबर लंच टाइममध्ये हिशेब मांडला. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली स्पीडब्रेकरची मापं घालून दिली आहेत. गोल पाठीचा उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, ताशी पंचवीसच्या वेगाने आरामात ओलांडता यावा असा. दहा सेंटिमीटर ऐकून माझ्या पोटात गोळा आला, गाडीच्या पोटात तर आलाच असेल. पण गंमत अशी, की या उंचवट्याची पाठ इतकी सपाट आणि रुंद असते की गाडी पूर्ण त्याच्यावर चढते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर मधला फुगवटा जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर भरतो. म्हणजे शास्त्रोक्त स्पीडब्रेकर असेल तर कुठलीही स्पोर्ट्स कार त्याच्यावरून डुलत जाईल. अडचण गावठी स्पीडब्रेकरची असते. गणपतीआधी किंवा एखादा अपघात झाल्यावर रातोरात उभारलेला, फूटभर रुंद आणि वीतभर उंच, खाली खडी आणि वर डांबराचं लिंपण. त्याला पांढरे पट्टे नसतात. त्याची ओळख एकच, त्याच्या पाठीवर आधीच्या गाड्यांनी ओढलेल्या रेघा.

आणि तो उभारणाऱ्यांना मी दोष देत नाही. रस्त्याला लागूनच शाळा, रस्त्याला लागूनच देऊळ, आणि शनिवारी सकाळी मुंबईच्या गाड्या नव्वदने जातात. तुम्ही-आम्ही काय केलं असतं?

म्हणून मी ट्रिपच्या दोन आठवडे आधी मोटरसायकलवर मोजपट्टी घेऊन अख्खा रस्ता पालथा घातला. एक्सेल शीट केलं. कॉलम ए, गाव. कॉलम बी, उंचवटा. कॉलम सी, सरळ जायचं की तिरकं. तिरकं म्हणजे गाडी कोनात घालायची. एका वेळी एकच चाक उंचवट्यावर चढतं, त्यामुळे पोट टेकत नाही. खालच्या गाडीवाल्यांची ही बाराखडी आहे. मात्र मागून येणाऱ्याला आधी इंडिकेटरने आणि हाताने थांबवा, नाहीतर त्याला वाटतं तुम्ही यू-टर्न मारताय. दुसरी गोष्ट, दोन सीटच्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनी नसते. पंक्चर दुरुस्तीचं किट असतं आणि देवावर भरवसा असतो. अठरा इंची, बुटक्या कडेचा टायर वडखळच्या काय किंवा मुरूडच्या काय, पंक्चरवाल्याकडे मिळेल ही आशा ठेवू नका. आणि टप घडी होऊन डिकीत बसतो, तेव्हा डिकीत उरते ती जागा एका सॅकची. दोन माणसं, एक सॅक. अप्पांची पिशवी मांडीवर.

शीट अप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, मन लावून वाचलं आणि विचारलं, "भरती कवा हाय?"

भरतीचा कॉलमच नव्हता.

*

हा मुद्दा जरा सावकाश घ्यायला हवा, कारण कुठल्याही ट्रॅव्हल साइटवर तो मला दिसलेला नाही. आपला किनारा सलग नाही. डोंगरातून नद्या येतात आणि समुद्राला मिळताना आत खोल खाड्या करतात. पुलावरून ओलांडता येतात अशा खाड्या मोजक्याच, बाकीच्यांवर फेरीबोट. रायगडात आगरदांडा ते दिघी, पुढे बागमांडला ते वेश्वी, रत्नागिरीत दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. फेरीबोटीत गाडी चढवायची ती सिमेंटच्या उतारावरून. बोट उताराला नाक लावते आणि तोंडाची लोखंडी फळी खाली टाकते. भरती असेल तर पाणी वर आलेलं असतं, थोडाच उतार आणि तोही कोरडा. ओहोटीला बोट खूप खाली, उतार लांबलचक, शेवाळलेला, आणि फळी जिथे सिमेंटला टेकते तिथे एक कोन तयार होतो. एसयूव्हीला तो कळतही नाही. माझ्या बारा सेंटिमीटरना तो कोन म्हणजे कुऱ्हाड.

"समिंदराला तुजा टाइमटेबल नाय कलत," अप्पा म्हणाले आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं.

कोळ्यांचा आणि खाडीकाठच्या सगळ्यांचाच एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनला. अष्टमीला सहा. साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. आणि रोज पाऊण तास पुढे. मिनिटावर बसणार नाही, पण बोटीचं ठरवायला पुरेसं. चंद्र रोज उशिरा उगवतो आणि पाणी चंद्राच्या मागे जातं, एवढं साधं शास्त्र आहे त्यात. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, मी ते नंतर ताडून पाहिले, अप्पांचं गणित पाव-अर्ध्या तासाच्या आत बसलं.

आम्हाला आगरदांड्याला दुपारी एकच्या सुमारास भरती हवी होती. म्हणजे तिथी पौर्णिमेच्या किंवा अमावस्येच्या आसपासची. महिना डिसेंबर, २०२५. मार्गशीर्ष पौर्णिमा मी लगेच लाल पेनाने गोल केली. अप्पांनी मान हलवली. ती दत्तजयंती. चौलला भोवाळेच्या डोंगरावर दत्ताची जत्रा, पाच दिवस. चौलवरूनच तर जायचं, रस्त्यात मिठाई, पाळणे, माणसं. खालच्या गाडीतून जत्रा बघायची म्हणजे नुसते पाय बघायचे. मग अमावस्या? स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवसेच्या दिवशी गारी नाय हलवाची." आईचं बोलणं अपीलच्या पलीकडचं असतं. अमावस्या झाली की पौष लागतो. प्रतिपदा रविवारी, म्हणजे वडखळच्या नाक्यावर सगळी मुंबई. राहिली पौष शुद्ध द्वितीया, २२ डिसेंबर, सोमवार. दोन गुणिले पाऊण, दीड. भरती दीडला.

ऑफिसात लीव्ह टाकली. कारण या रकान्यात ‘पौष शुद्ध द्वितीया’ लिहायचा मोह आवरला.

*

मुंबईहून वडखळपर्यंतचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मजा कमी आणि व्यवहार जास्त. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्यांना १२ जानेवारी २०२४पासून अटल सेतू मिळालाय. शिवडीहून समुद्रावरून पलीकडे, जवळजवळ बावीस किलोमीटर, वेगमर्यादा शंभर. खालच्या गाडीला असा रस्ता म्हणजे सासरी माहेर. पुढे पळस्पे फाटा, कर्नाळ्याचा सुळका, गणपतींचं हमरापूर आणि पेण. पळस्पे ते इंदापूर हा मुंबई–गोवा रस्त्याचा टप्पा रुंद करायला घेतला २०११ साली. तेव्हा मी शाळेत होतो, आता बाप होतोय, आणि महामार्गाचं काम हा अजूनही गप्पांचा विषय आहे. ज्यांना हे सगळं टाळायचंय त्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट आहे, मार्च २०२० पासून. गाडी बोटीत घाला, साधारण तासाभरात मांडवा. पेण नाही, वडखळ नाही, खड्डे नाहीत. लो गाडीवाल्यांना मी हाच सल्ला देतो. मी स्वतः तो पाळला नाही, कारण माझा पॅसेंजर वडखळला होता.

सकाळी साडेसातला अंगणात समारंभ होता. शेजारची चार पोरं, दोन म्हाताऱ्या, एक कुत्रा. अप्पांनी इस्त्रीचा खाकी नव्हे पण खाकीसारखाच शर्ट घातलेला. बसवायची पद्धत मी फिजिओथेरपिस्टकडून शिकून आलो होतो. ज्यांच्या घरी गुडघेवाले आहेत त्यांनी लक्षात ठेवा. आधी पाय आत घालायचा नाही. गाडीकडे पाठ करायची, सीट पूर्ण मागे, सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरायची. हाताचा आधार घेत आधी बूड टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून सगळ्या शरीरासकट आत वळायचं. पिशवीमुळे माणूस घसरत फिरतो, गुडघ्याला पीळ पडत नाही. टप उघडा असेल तर डोकंही आपटत नाही, उघड्या गाडीचा हा फायदा जाहिरातीत कुणी सांगत नाही. अप्पा बसले. पाय लांब झाले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "यात तं गुरघा दुखतच नाय." बरोबरच होतं. उंच खुर्चीत गुडघा वाकतो. या गाडीत पाय सरळ समोर जातात, आरामखुर्चीसारखे.

तीन वर्षं आम्ही दोघांनी जे हसण्यावारी नेलं, ते अडीच मिनिटांत झालं.

वडखळ ते अलिबाग हा वीस-बावीस किलोमीटरचा रस्ता लोक कसाबसा उरकतात, पण मला तो आवडतो. वडखळ सोडल्यावर डोलवीचा पोलाद कारखाना येतो, धूर, कन्व्हेयर आणि ट्रकांची रांग. तो मागे पडला की एकदम धरमतरचा पूल, खाली अंबा नदी खाडी होऊन पसरलेली, दोन्ही बाजूला खारबांध आणि भातशेतं. पूल नव्हता तेव्हा माणसं इथून होडीने पलीकडे जायची. पुढे पोयनाड. त्याच्या जवळच चरी, जिथल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांच्या विरोधात शेतं पड ठेवली. नारायण नागू पाटलांचा तो संप, आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आमच्याकडे ही गोष्ट पुस्तकातून नाही, जेवताना कळते. डिसेंबरात या पट्ट्यात संध्याकाळी शेतात पोपट्या लागतात. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, कुणी अंडी-चिकनही घालतं, मडकं उपडं करून भोवती जाळ. आम्ही सकाळी गेलो, म्हणून नुसता वास आठवला.

कार्लेखिंडीत मी गिअर बदलला तेव्हा अप्पांनी आपला डावा पाय दाबलेला मला दिसला. तिथे क्लच नव्हता. पण बरोबर त्याच वळणावर.

*

अलिबागनंतर रस्ता वाड्यांमधून जातो. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्या मागे नारळ-सुपारी, त्यांच्या मागे कुठेतरी समुद्र. आणि इथे मला एक गोष्ट कळली, जी तुम्ही स्पोर्ट्स कार भाड्याने घेऊन ‘सीनिक कोस्टल ड्राइव्ह’ला निघण्याआधी ध्यानात घ्यायला हवी. सीन दिसणं हा उंचीचा प्रश्न आहे. एसटीचा ड्रायव्हर गडग्यांच्या वरून बघतो. अप्पा मला सांगत होते, इथे डावीकडे तळं, इथे उजवीकडे चर्च, इथून समुद्राची पट्टी दिसते. मला दिसत होता दगड आणि त्यावरचं शेवाळ. एकतीस वर्षं त्यांनी जो रस्ता वरून पाहिला, तो ते आज पहिल्यांदा खालून बघत होते. पण टप उघडा होता. म्हणून त्यांना वर बघता येत होतं. चौलमध्ये माडांच्या झावळ्या रस्त्यावर कमान करतात. बसमध्ये असताना या झावळ्या टपावर घासायच्या, तेवढीच त्यांची ओळख. आज त्या लांब, उंच आणि हलत होत्या. अप्पा मान मागे टाकून बसले होते, बराच वेळ काही बोलले नाहीत.

आक्षीला आम्ही थांबलो नाही, तुम्ही थांबा. मराठीतल्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या शिलालेखांपैकी एक इथला आहे, शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२. रेवदंड्यालाही थोडा वेळ द्या. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. त्यालाही वाहन आणि रस्ता जुळवताना त्रास झालाच असणार.

रेवदंड्याचा पूल ओलांडून कुंडलिकेच्या पलीकडे साळाव, आणि मग ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव, तो रस्ता लागतो. कोर्लईचा किल्ला उजवीकडे समुद्रात शिरलेला, खाली कोळीवाडा, होड्या. गडगे संपतात. काशीदपर्यंत रस्ता कधी पाण्याला लागून, कधी टेकडीवर. गाडीने पहिल्यांदा मनापासून आवाज काढला. वेग किती होता विचाराल तर पन्नास. पण जमिनीपासून वीतभरावर बसून, वारा डोक्यावरून जात असताना पन्नास म्हणजे ऐंशी वाटतं. स्पोर्ट्स कारचं खरं सुख हेच, नव्वदने जायची गरज राहत नाही. आपल्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची उघडी गाडी बनायची, फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीचं छोटं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर. १९९०च्या दशकाअखेरीस ती आली तेव्हा लोक हसले, ही कसली स्पोर्ट्स कार म्हणून. या किनाऱ्याला तेवढीच गाडी पुरते, असं आता माझं मत झालंय.

काशीदला एकच सांगणं. वाळूत गाडी घालू नका. लो गाडी वाळूत गेली की पोटावर बसते आणि चाकं हवेत फिरतात, आणि पाणी पाऊणपटीचा हिशेब न चुकता येतं.

मुरूडला लवकर जेवलो. सुरमई, सोलकढी. अप्पांना ओळखणारा एक म्हातारा हॉटेलात भेटला. त्याने बाहेर येऊन गाडी बघितली आणि विचारलं, "डायवर, कंडक्टर कुठं बसतो?"

*

आगरदांड्याला आम्ही एकला पोचलो. खाडी भरलेली, पाणी उताराच्या वरच्या भागापर्यंत आलेलं. पलीकडे दिघी, उजवीकडे लांब जंजिऱ्याचा तट. बोट यायला वेळ होता, म्हणून आम्ही गाडीतच बसून राहिलो.

या खाडीवर पूल होणार आहे. रेवस ते रेड्डी असा किनाऱ्याला धरून जाणारा सागरी महामार्ग हे बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. ते १९८० ते १९८२ मुख्यमंत्री होते, आणि ते मूळचे याच जिल्ह्यातले, आंबेतचे. इतकी वर्षं हा मार्ग तुकड्यातुकड्यांत, खाड्यांपाशी तुटलेला राहिला. आता मोठ्या पुलांची कामं मार्गी लागताहेत. धरमतर खाडीच्या तोंडावर रेवस–कारंजा पूल झाला की उरणहून थेट अलिबाग तालुक्यात उतरता येईल. तुमच्या-माझ्यासारख्या वीकेंडवाल्यांना फारच सोयीचं. बारा सेंटिमीटरवाल्यांना तर वरदानच. भरतीचा कॉलम शीटमधून उडवता येईल.

मी हे अप्पांना उत्साहात सांगत होतो. ते म्हणाले, "मंग वडखलला कोन वळल?"

गोव्याच्या गाड्या आधीच बायपासने बाहेरून निघून जातात. नाक्यावर ज्या थांबतात त्या बऱ्याचशा अलिबागला वळणाऱ्या. त्यांच्यावर चहावाले आहेत, वडापाववाले आहेत, पंक्चरवाले आहेत, फेब्रुवारीनंतर पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बसणाऱ्या बाया आहेत. अप्पांचा धाकटा भाऊ आहे, ज्याचं टायरचं दुकान नाक्यापासून शंभर पावलांवर. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि अप्पांनीही ते मागितलं नाही. पूल व्हायलाच पाहिजे, हेही तेच म्हणाले. त्यांच्या काळात मुरूडहून एखादा पेशंट अलिबागला आणायचा म्हणजे काय असायचं, ते त्यांनी पाहिलेलं.

बोट आली. फळी पडली. आतून दोन टेम्पो, एक जीप, डझनभर मोटरसायकली उतरल्या. बोटीवरच्या पोऱ्याने माझ्या गाडीकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं. मी शीट काढलं. ‘आगरदांडा, उतार, तिरकं’ एवढंच लिहिलेलं होतं.

"थांब," अप्पा म्हणाले. "माला उतरव."

पिशवीवरून उलटं फिरून, माझ्या खांद्याला धरून ते उतरले. लंगडत उतारावरून खाली गेले, फळीपाशी वाकले, वीत लावून कोन मोजला. पोऱ्याशी काहीतरी बोलले. पोऱ्या पळत जाऊन दोन लाकडी फळकुटं घेऊन आला आणि त्यांनी दाखवलेल्या ठिकाणी ठेवली. मग अप्पा बोटीवर चढले, बरोबर मधोमध उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. एक हात वर.

"चाक डावीकरं काप. आजून. येव दे… येव दे… एक चाक चरलं. आता सरल. येव दे… हलू…"

गाडीच्या पोटाखाली काहीच आवाज झाला नाही. मागचं चाक फळकुटावरून लोखंडावर आलं तेव्हा अप्पांनी तळहाताने बॉनेटवर दोनदा थाप मारली, बस डेपोत लागल्यावर मारतात तशी. पोऱ्याने फळी वर घेतली. दिघीच्या बाजूचा उतार कसा आहे, हे अप्पा आता त्याला विचारत होते.